कार्डावरची सोडलेली ओळ

"गोळीनं उपास मोडतो का रं, कंपौंडर?"

ठकूआक्का काउंटरच्या पलीकडून विचारत होत्या. नवरात्राची पहिली माळ होती. पाय अनवाणी, कपाळाला नेहमीपेक्षा मोठं कुंकू, आणि हातात मीच आदल्या आठवड्यात दिलेल्या पुडीचा रिकामा कागद.

"नाही मोडत, आक्का. गोळी म्हणजे काय भाकरी आहे का?"

बाकावर बसलेले पेशंट हसले. आक्काही हसल्या.

"मंग दे नऊ दिसांच्या. घटाम्होरं उठबस करून गुडघं लई वरडत्यात."

मी अठरा गोळ्या मोजल्या, कागदात बांधल्या आणि दिल्या. त्या गेल्या. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की दारातून बाहेर पडलेलं माणूस विरघळल्यासारखं दिसे. आक्का तशाच विरघळल्या. मला अजून ते दृश्य तसंच्या तसं दिसतं. मात्र त्या वेळी मी ते नीट पाहिलंही नव्हतं.

त्यांनी देवीबद्दल विचारलं होतं आणि मी देवीच्या वतीने उत्तर दिलं. तिथे पोटाच्या वतीने बोलायला नेमलेला माणूस मी होतो. तो काही बोलला नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याची. मी बारामतीला फार्मसीचा डिप्लोमा करून एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागलो होतो. कागदोपत्री फार्मासिस्ट, पण गावाच्या लेखी कंपौंडर. वय सत्तावीस. दवाखाना म्हणजे रस्त्याकडेच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेरच्या खोलीत मी आणि माझे डबे. हजार-हजार गोळ्यांचे प्लॅस्टिकचे डबे खिडकीत ओळीने मांडलेले. दुपारी ऊन त्यांच्यातून आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर पिवळे, गुलाबी, शेंदरी डाग पडायचे. ऊन सरकेल तसे ते सरकायचे. मागून डाव्या कालव्याच्या पाण्याचा आवाज. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वाऱ्याबरोबर मळीचा गोडसर वास. दोन पेशंटांच्या मध्ये मी त्या डागांकडे बघत बसायचो. डोळे उघडे, पण जागा नाही, अशी काहीतरी अवस्था. माझी चांगली चार वर्षं अशी गेली.

आमच्याकडे औषध पुडीतून मिळे. स्ट्रिप नाही, नाव नाही, चिठ्ठी नाही. जुन्या वहीच्या कागदात दोन रंगांच्या, तीन रंगांच्या सुट्या गोळ्या. "सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर," एवढं मी म्हणायचो. दिवसातून ऐंशी वेळा म्हणायचो, म्हणजे खरं तर मी ते म्हणत नव्हतो. तोंड म्हणत होतं.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं होतं, "सर, पुडीवर गोळीचं नाव लिहू का?"

"कशाला?"

"पेशंटला माहीत असावं."

"अरुण, नाव कळलं की पेशंट बाजारातून गोळी आणतो. मग तू आणि मी काय कालव्यात मासे धरायचे?"

विषय संपला. नाव नसलं की लोक रंगावरून नाव पाडतात. तापाची पांढरी. ॲसिडिटीची गुलाबी. आणि सगळ्यांची लाडकी ती शेंदरी. अंगदुखी, कंबर, गुडघे, उसाच्या मोळ्या उचलून भरून आलेली पाठ, सगळ्याला शेंदरी. तिचं खरं नाव डायक्लोफेनॅक. वाईट औषध नव्हे. सूज उतरवतं, दुखणं थांबवतं, अर्ध्या तासात माणसाला उभं करतं.

पण तिचं एक आहे. ज्या रसायनामुळे गुडघा सुजतो आणि दुखतो, ते ही गोळी शरीरात तयार होऊ देत नाही. त्याच जातीचं रसायन पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करत असतं. गोळीला गुडघा आणि पोट यांतला फरक कळत नाही. घरातल्या धान्याच्या कणगीला आपण शेणामातीने सारवतो, तसं पोट आतून सारवलेलं असतं. ही गोळी रोज ते सारवण खरवडते. वरून पोट रिकामं असेल, माणूस साठीच्या पुढचा असेल, गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर कधीतरी कणगीला भोक पडतं. तिथून रक्त झिरपतं. ते आतड्यातून खाली जाता जाता काळं होतं आणि शौचाला डांबरासारखं पडतं. काळं, चिकट, उग्र वासाचं. उलटी झाली तर कॉफीच्या चोथ्यासारखी. आणि जेवून घेतली म्हणजे धोका टळला, असंही नाही. तो फक्त थोडा कमी होतो.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत यावर प्रश्न आला होता आणि मला त्यात चांगले मार्क पडले होते.

ठकूआक्का पासष्टीच्या. त्यांच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. लग्नानंतरची वीस वर्षं त्यांनी कळपामागे काढली होती. नंतर मेंढरं गेली, कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. मुलगा बिरू ट्रॅक्टर चालवायचा, हंगामात सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ऊस ओढायचा. सून सुमन. घरात ही तीनच माणसं. आक्का शेंदरी घेत होत्या त्याला चार महिने झाले होते. डॉक्टरांनी पहिल्यांदा पाच दिवसांची दिली होती. पुढची सगळी मी दिली. आक्का यायच्या, कागद दाखवायच्या, मी बांधायचो. डॉक्टरांना विचारायची पद्धतच नव्हती.

सहाव्या माळेला आक्का परत आल्या.

दुपारची वेळ. दोघे-तिघे बाकावर होते. आक्का दाराशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "या की आक्का, बसा."

"व्हऊ दे तुजं."

ती माणसं जाईपर्यंत त्या थांबल्या. मग काउंटरजवळ आल्या आणि आवाज एकदम खाली नेला. "जरा गरगरल्यावानी हुतंय. आन्‌ ते... परसाकडंला..."

आणि थांबल्या. पदर तोंडाशी नेला.

त्यांनी वाक्य पुरं करावं म्हणून मी थांबायला हवं होतं. मी मान वळवून डब्यांकडे पाहिलं. संकोच त्यांचा होता तसा माझाही होता. आईच्या वयाची बाई, आणि असला विषय. भिंतीवरचा शेंदरी डाग तेव्हा दाराच्या चौकटीपर्यंत आला होता, हे मात्र मी बघितलं.

"उपासाने होतं तसं, आक्का. साबुदाणा जड पडतो."

"साबुदाना कुटला रं? निस्त्या पान्यावर हाय मी. आन्‌ दोन टायमाला कोरा च्या, गोळीसंगं."

हेही मी ऐकलं. दोन गुलाबी गोळ्या बांधल्या आणि म्हणालो, "या घ्या. गार वाटेल पोटात."

"आन्‌ शेंदरी?"

"ती चालू ठेवा."

*

सातव्या माळेला दुपारी बिरू दवाखान्यात धावत आला. आक्काला रक्ताची उलटी झाली होती. डॉक्टर मला घेऊन त्यांच्या घरी गेले, नाडी बघितली, मला बाजूला घेऊन म्हणाले, "बारामतीला ने. तू बरोबर जा. आणि तिथं जास्त बोलू नको."

जीपमध्ये आक्कांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. चेहरा राखेसारखा. रस्त्याचं काम चालू होतं. एका जागी डांबराची टाकी पेटवलेली होती आणि वितळलेलं डांबर खडीवर ओतत होते. त्या वासाने आक्कांनी डोळे उघडले.

"आसंच," त्या म्हणाल्या. "कालपास्नं आसंच पडतंय बग."

बिरू पुढे बसला होता. त्याने विचारलं, "काय म्हणती?"

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी मागतायत."

ऊन, धूर, दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर हलणारा ऊस. जीप चालली आहे असं वाटत नव्हतं. ऊसच मागे पळत होता आणि आम्ही एका जागी बसून होतो. ती बारामती कधी आलीच नसती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. आक्कांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं आणि बिरूला पहिला प्रश्न विचारला, "कुठली गोळी चालू होती?"

बिरू म्हणाला, "शेंदरी."

"शेंदरी म्हणजे?"

बिरूने माझ्याकडे पाहिलं. मी एक पाऊल पुढे झालो आणि मॅडमना सगळं सांगितलं. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती महिने, सहा दिवस उपाशीपोटी, कालपासून काळी शौच. एकही गोष्ट लपवली नाही. फक्त सगळं इंग्रजीत सांगितलं.

बिरू शेजारीच उभा होता. त्याला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. मॅडमनी माझ्याकडे दोन सेकंद रोखून पाहिलं. मग त्या कामाला लागल्या.

आक्कांना रक्त लागणार होतं. बिरूचा गट जुळला, माझाही जुळला. दोघांनी एकेक बाटली दिली. नळीतून माझं रक्त चाललेलं मी पाहत होतो आणि मला फार हलकं वाटत होतं. जणू काही फिटत होतं. काही फिटत नव्हतं. उलट पुढे जे झालं त्याने ते दुप्पट झालं.

*

आक्का वाचल्या. आठवड्याने त्यांना घरी आणलं. दसरा होऊन गेला होता, तरी बिरू आपट्याची पानं, नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन दवाखान्यात आला. चारचौघांत माझ्या पाया पडला.

"आक्का वाचली ती तुमच्या रगतानं, भाऊ."

बाकावरचा म्हातारा म्हणाला, "कंपौंडर न्हाय, देवमानूस हाय ह्यो."

मी टोपी घालून घेतली.

मग बिरूने खिशातून कार्ड काढलं. हॉस्पिटलमधून घरी सोडताना देतात ते, डिस्चार्ज कार्ड. मॅडमनी त्याला तोंडी सांगितलंही असणार, पण त्या गडबडीत त्याच्या ध्यानात राहिलं होतं ते एवढंच, की 'कार्डावर सगळं लिवलंय, तुमच्या दवाखान्यात दाखवा.'

"वाचा बरं. काय काय लिवलंय?"

कार्ड इंग्रजीत होतं. मी वाचून मराठीत सांगू लागलो. तिखट बंद. थोडं थोडं, चार वेळा खायचं. या गोळ्या सहा आठवडे. महिन्याने तपासणी. त्याच्याखाली एक ओळ होती, तिच्याखाली दोनदा रेघ ओढलेली. तिचा अर्थ असा: दुखण्यावरच्या गोळीमुळे पोटात रक्तस्राव झाला आहे. या जातीची कोणतीही गोळी यापुढे कधीही देऊ नये.

"आन्‌ हे रेगा मारलेलं?" बिरूने बोट ठेवून विचारलं.

"विश्रांती घ्यायची म्हणतायत. जपून राहायचं."

पंचवीस वर्षांहून जास्त झाली. ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही पुरती सांगितली नाही. तिला वाटतं, मी तेव्हा घाबरून नुसता गप्प बसलो. गप्प बसलो नव्हतो. मी ती ओळ वाचली होती, तिचा अर्थ मला लागला होता, आणि तिच्या जागी दुसरी ओळ रचून सांगितली होती.

कारण काय? कारणं पुष्कळ होती. नोकरी. चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या म्हणून लायसन्स जाईल ही भीती. बिरूचा हात जड होता हेही होतंच. पण खरं सांगायचं तर डोक्यावर ती टोपी होती. ती उतरवायचं जिवावर आलं.

मी मनाशी एक तोड काढली. आक्का आल्या की शेंदरी द्यायचीच नाही. तापाची पांढरी पॅरासिटामॉल द्यायची. ती दुखण्यावर चालते आणि पोटाला सोसते. म्हणजे आक्का सुरक्षित, मीही सुरक्षित. या हिशोबात मी एक माणूस धरलंच नव्हतं.

त्या सातव्या माळेला सकाळी आक्कांना अंथरुणातून उठवत नव्हतं. बिरू रानात होता. सुमनची पाळी चालू होती, ती बाजूला बसली होती. घट कोरडा पडलेला पाहून तिने उठून त्याला पाणी घातलं. त्याच दुपारी आक्कांना रक्ताची उलटी झाली.

गावाला एवढं पुरे होतं. घट बाटवला. देवी कोपली. आक्का हॉस्पिटलात असताना घटातले कोंब पिवळे पडून माना टाकून पडले, तो पुरावाच ठरला. वाचवणारा मी आणि मारायला निघालेली सुमन, अशी वाटणी होऊन गेली.

दिवाळीला सुमन माहेरी गेली. तिचं माहेर नरसिंहपूर. दिवाळी झाली, तिला कुणी आणायला गेलं नाही. मार्गशीर्ष गेला. संक्रांत गेली. दवाखान्यातल्या बाकावर बायका बोलायच्या, "बिरू दुसरी करतोय म्हनं." मी गोळ्या मोजत ऐकायचो. त्या दिवसांत मला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. घटाच्या मातीत मी शेंदरी गोळ्या पेरतो आहे आणि त्या रुजून वर येतायत, कोंबावर कोंब. त्यांना पाणी कुणीतरी घालतंय, पण त्याचा चेहरा दिसत नाही.

*

होळीच्या सुमाराला एका दुपारी आक्का आल्या. वाळल्या होत्या, पण चालत आल्या होत्या. बाकावर कुणी नव्हतं.

"तुज्या पांढऱ्या गोळीत दम न्हाय रं," त्या म्हणाल्या. "सून न्हाय घरात. चूल, झाडलोट, गुरं, समदं ह्याच गुडघ्यांवर. शेंदरी का देत न्हाईस?"

"संपली, आक्का."

"खोटं बोलतुयास. ती काय, डब्यात दिसतिया." मग त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कागदाचा तुकडा होता, त्यात आठ गोळ्या. शेंदरी. "इंदापूरच्या बाजारातनं आनल्यात. दुकानदाराला रंग सांगितला, त्यानं काडून दिल्या. हीच हाय न्हवं?"

"खाल्ली का यातली?"

"न्हाय. कालपास्नं बांदून ठिवल्यात. तुला इचारल्याबिगर कशी खाऊ?"

मी काउंटरच्या फळीला धरून उभा होतो. भिंतीवर ते रंगाचे डाग होते, नेहमीसारखे, हळूहळू सरकत. आक्का उत्तराची वाट बघत होत्या. 'ही नव्हे, दुसरी आहे,' असं म्हणून गोळ्या काढून घेता आल्या असत्या. तेही सुचलं होतं. मग पुढच्या बाजाराला त्यांनी दुसऱ्या आणल्या असत्या, आणि प्रत्येक वेळी मला विचारायला त्या आल्याच असत्या असं नाही.

"आक्का, तुम्हाला जे झालं ते या गोळीने झालं."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. गोळी, रिकामं पोट, कणगीचं सारवण, भोक, डांबर. कार्डावरची ओळ. मी ती कशी वाचली आणि कशी वाचली नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून न थांबता सांगितलं.

आक्का बाकावर बसल्या. गोळ्या हातातच होत्या.

"मेंढरामागं आयुष्य काडलं मी," त्या म्हणाल्या. "लेंडीचा रंग बिगडला की वळकायचो, जनावराच्या पोटात काय हाय ते. त्यादिशी माजं मला कळलं हुतं. आत रगत हाय म्हून कळलं हुतं. त्येच सांगाय आले हुते मी तुज्याकडं. तू तोंड फिरीवलंस."

"हो."

"मला वाटलं, तू शिकलेला, तुला म्हाईत आसंल. म्हनून गप बसले." मग एकदम वर पाहिलं. "म्हंजी सुमीनं घट बाटवला न्हाय?"

"नाही, आक्का. तिने घटाला पाणी घातलं एवढंच."

त्यांनी गोळ्या काउंटरवर ओतल्या. एक घरंगळून खाली पडली. "बिरूला सांग. मी न्हाय सांगनार. तू सांग."

बिरू ट्रॅक्टरखाली आडवा होऊन पान्याने काहीतरी आवळत होता. मी सांगत असताना तो बाहेर आलाच नाही. फक्त पान्याचा आवाज थांबला. मी वाट बघत उभा राहिलो, मार खायची तयारी ठेवून. तो बाहेर आला, हात पुसले.

"टोपी दिलती मी तुला," तो म्हणाला. 'भाऊ' गेलं होतं.

"हो."

"मी बायकूला काय काय बोललोय, तुला म्हाईत न्हाय." त्याने पाना टाकला. "चल, गाडीवर बस. सुमीला तूच सांगायचं. मी मदी बोलनार न्हाय."

बावडा गावावरून आम्ही नरसिंहपूरला गेलो. तिथे भीमा आणि नीरा मिळतात. घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहिलं की दोन पाणी दिसतात, एक जरा गढूळ, एक जरा हिरवं. कुठे एक होतात ते डोळ्यांनी ठरवता येत नाही. वरती नरसिंहाच्या देवळात घंटा वाजली आणि नाद पाण्यावरून बराच वेळ जात राहिला. तिथे सगळं इतकं शांत होतं की मी कशासाठी आलोय याचा क्षणभर मला विसर पडला.

सुमन धुणं घेऊन वर येत होती. आम्हाला बघून पायरीवरच थांबली.

"सासूबाई बऱ्या हायत न्हवं?" तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. तिने बादली खाली ठेवली नाही. बादलीबाहेर लोंबलेल्या ओल्या कपड्यांचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.

"तुमाला कवा कळलं हे?"

"त्याच दिवशी. जीपमध्ये."

"म्हंजी मी म्हायेराला निगाले तवा म्हाईत हुतं." ती विचार करून बोलत होती, आवाज न चढवता. "यष्टीची वाट बगत मी तुमच्याच दवाखान्याम्होरं हुबी हुते. ऊन लागलं तर तुमीच आतनं पान्याचा तांब्या आनून दिलात. 'लवकर या' म्हनलात."

मी ते विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. तिने सांगितल्यावर तो तांब्या मला दिसला. तेव्हापासून तो दिसायचा थांबलेला नाही.

"चल घरी," बिरू म्हणाला.

"आज न्हाय." ती त्याच्याकडे वळली. "ह्यांनी गोळीचं सांगितलं. तुमी काय सांगायला आलाय? ह्यांनी खोटं सांगितलं, खरं हाय. पर त्येंनी नुसतं कार्ड चुकीचं वाचलं. माज्यावर आळ कुनी घेतला?"

ती आमच्यामधून वाट काढून वर निघून गेली.

ती गुढीपाडव्याला आली. आणायला आक्का स्वतः गेल्या होत्या, एसटीने, त्या गुडघ्यांनी. दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्या वर्षीच्या नवरात्रात घट सुमनने बसवला आणि आक्का रोज दोन वेळा जेवल्या, एवढं गावाने पाहिलं. गाव दोन दिवस बोललं आणि मग दुसऱ्या विषयाला लागलं.

नरसिंहपूरहून आल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं की आजपासून पुडीवर नाव लिहिणार. ते म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नको." ओरडले नाहीत. मी उद्यापासून गेलो नाही. पुढे बारामतीत एका मेडिकलमध्ये लागलो, अजून तिथेच आहे. पुड्या गेल्या, स्ट्रिपा आल्या. त्यावर नाव असतं, इंग्रजीत, मुंगीएवढं. ते मी पेनाने मराठीत मोठं लिहून देतो. पोटाबद्दल विचारतो, दम्याबद्दल, किडनीबद्दल, बीपीच्या गोळीबद्दल. काळी शौच म्हणजे काय ते बायामाणसांनाही तोंडावर सांगतो. संकोच वाटतो, तरी सांगतो. मालक म्हणतात, "तुमच्यामुळे रांग लागते." लागते खरी.

दोन-तीन वर्षांपूर्वी दुकानात एक बाई आली. चष्मा, केस पांढरे. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं. सुमन होती. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली, वयाने गेल्या, म्हणाली. आता तिचे गुडघे दुखत होते.

"दुखण्यावरची गोळी द्या," ती म्हणाली. "आन्‌ कार्ड हाय डॉक्टरचं. वाचून दाखवा."

मी वाचलं. ती बोट ठेवून ओळ न्‌ ओळ मोजत होती. संपल्यावर तिने विचारलं, "झाल्या समद्या? सातच हायत न्हवं?"

"सात."

तिने कार्ड घडी करून ठेवलं, मी नाव लिहून दिलेली गोळी घेतली आणि गेली.

आता कुणी विचारलं, की उपासाला गोळी चालते का, तर मी देवीबद्दल काही बोलत नाही. आधी विचारतो, शेवटचं काय खाल्लं आणि कधी. आणि समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं, तर डब्यांकडे बघत नाही. वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो. या धंद्यात मला एवढंच शिकायला मिळालं. ते पुस्तकात पहिल्या वर्षालाच होतं.